वरून ओतलेलं पाणी

आमच्या वस्तीला नळ येईपर्यंत आई गावविहिरीच्या कट्ट्याखाली कळशी ठेवून उभी राहायची. कट्ट्यावर चढायचं नाही, पोहऱ्याला शिवायचं नाही. कुणाला दया आली की तो वरून ओतणार. अर्धं कळशीत, अर्धं तिच्या लुगड्यावर.

मी जुन्नरला कॉलेजात गेले, घरातली पहिलीच. तिथं एका ग्रीक इतिहासकाराची ओळख झाली. मूळचा अथेन्सचा सेनापती. एका युद्धात एक शहर वाचवायला वेळेवर पोचला नाही म्हणून त्याच्याच लोकांनी त्याला हाकललं. परमुलखात राहून त्यानं त्याच युद्धाचा इतिहास लिहिला, दोन्हीकडच्या माणसांना विचारून. एकाच लढाईतली माणसंही वेगवेगळं सांगतात, तेव्हा ताडून बघावं. ऐकायला गोड लागावं म्हणून लिहू नये, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्यावर एम.ए. केलं तेव्हा गावात विचारलं गेलं, "त्या ग्रीकाचा सातबारा निघाला का, ताई?"

तीच मंडळी पुढं देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका लिहून मागायला दारात आली. फुकटात लिहिणारं शिकलेलं दुसरं कुणी सापडलं नसावं. विहिरीवर एक पान हवंच होतं. समितीच्या अध्यक्षांनी मजकूरही सांगितला: विहीर त्यांच्या आजोबांनी खोदली आणि पहिल्या दिवसापासून सर्वांना खुली ठेवली. थाप मारताना ही माणसं आवाजसुद्धा खाली आणत नाहीत.

आईला विचारलं. तिनं मी सुरुवातीला लिहिलंय तेवढंच सांगितलं. मग अध्यक्षांच्या ओट्यावर गेले. चार माणसं बसलेली. आमच्या बायका पाणी कशा भरायच्या, एवढंच विचारलं.

"कशा म्हंजे? आमी सोता वरून वतायचो," अध्यक्ष छाती फुगवून म्हणाले. "कदी न्हाई म्हणलो न्हाई. इचार तुज्या आईला."

"विचारलं. ती पण हेच म्हणते."

ओट्यावरचा एक जण हसला. "अध्यक्ष, तुमीच सांगितलं की राव."

त्यांना तरीही उमगेना. उपकाराची फुशारकी मारायची सवय एवढी जुनी, की आपण कबुली देऊन बसलो हे कळायला त्यांना दोघांचं बोलणं जसंच्या तसं मांडून मी लिहिलेलं पान वाचावं लागलं. मग निरोप आला, पान काढा.

मी कळवलं, काढते. पण बाकीची पानंही माझीच आहेत, तीही परत द्या. समितीकडं स्वतःचं म्हणावं असं एक वाक्य नव्हतं.

त्या ग्रीकाचा इतिहास युद्धाचा शेवट न सांगताच अर्ध्यावर तुटला. माझं पान पुरं छापलं गेलं. विहीर सर्वांना खुली नव्हती, हे आता गावाच्याच पुस्तकात आहे.