चावणाऱ्या माशीची सोंड

गावाबाहेरची कोंबड्यांची शेड बंद करा, हे पत्रक मीच लिहिलं होतं. मलकापूरजवळच्या आमच्या गावात त्या पावसाळ्यात माशांनी म्हशी हैराण केल्या होत्या. पाय आपटायच्या, धार काढू द्यायच्या नाहीत. पोल्ट्री म्हणजे घाण आणि घाण म्हणजे माशा, यात मला तपासण्यासारखं काही वाटलं नाही. पत्रक घरोघरी वाटलं. आता ग्रामसभेत ठराव यायचा होता.

आदल्या दिवशी शेडच्या मालकीण काकूंनी बोलावलं. दोन मुलींची शिक्षणं त्या शेडवर चालली होती.

"ये रं पुढाऱ्या. बाही वर घे."

कोंबड्यांजवळ धरलेली माशी त्यांनी पेल्याखाली माझ्या हातावर ठेवली. ती नुसती फिरली.

"चावली?"

"न्हाई, काकू."

"आता ही तुमच्या म्हशीच्या पायावरची."

मी ओरडलोच.

"लिव की ह्येच्यावर पत्रक!"

मग त्यांनी दोन मेलेल्या माशा कागदावर ठेवून मुलीचं भिंग माझ्या हातात दिलं. रंग तोच करडा, पाठीवर तशाच काळ्या रेघा. पण शेडमधल्या माशीचं तोंड मऊ, खाली वळलेलं, चाटण्यापुरतं. म्हशीवरच्या माशीची सोंड काळी, ताठ, सुईसारखी डोक्यापुढे आलेली, पोटावर ठिपके.

"माझ्याकडं माशा हायत, न्हाई म्हणत न्हाई. त्येचं मी बघती. पण ही चावरी ओल्या कुजक्या वैरणीत वाढती. गोठ्यामागं बघून ये."

आमच्याच गोठ्यामागे वैरणीतून उरलेलं उसाचं वाढं शेणामुतात कुजत पडलं होतं. काठीनं उकरलं, तर आत अळ्या वळवळत होत्या. न्याय-अन्याय मी पत्रकं वाचूनच शिकलो होतो. माझं स्वतःचं पत्रक एका बाईच्या पोटावर उठलं होतं, हे त्या ढिगाजवळ उभं राहून कळलं.

सभेत मी म्हणालो, "पत्रक चुकीचं होतं. पहिला उकिरडा आमचा आहे." वडिलांनी मान खाली घातली.

"फुकटची कोंबडी खाल्लीस काय रं?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. पण आधी गोठे साफ करून बघू, असं ठरलं आणि ठराव पुढच्या सभेवर गेला.

बाहेर मी काकूंची माफी मागितली.

"माफी ठेव तुझ्यापाशी. जेवढ्या दारात पत्रक टाकलंस, तेवढ्या गोठ्यांत जा."

सकाळी आमचा ढीग उपसून निघालो. पहिल्याच घरी म्हातारबा म्हणाले, "ठेव कागद आन् जा."

"कागद न्हाई आणला, आबा," मी म्हणालो आणि खोरं घेऊन गोठ्यात शिरलो.