उतार
ओल्या वाळूचा वास आला की मला नर्मदेचा तो घाट आठवतो. लग्न होऊन जबलपूरला आले त्याला दोन वर्षं झाली होती, आणि सासरे वर्ध्याहून प्रथमच आले होते. गुडघाभर पाण्यातून ते पुढे निघाले तसा नावाडी ओरडला, "बाबूजी, आगे उतार है!" सासरे हसले. गावाकडे उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची उथळ जागा. "उतार आहे म्हणते तो, तू भिऊन काहून राहिली?" ते मला म्हणाले. पुढे तळ एकदम खोल जातो, असं नावाडी सांगत होता. मला ते कळलं होतं. पण सासऱ्यांना टोकायचं कसं, म्हणून मी गप्प राहिले. दोनच पावलांत ते दिसेनासे झाले. तासाभराने नावाड्यांनी त्यांचं प्रेतच बाहेर काढलं. तेव्हा मला हिंदी कळत नव्हती, असं मी घरात अजूनही सांगते.