शांताक्कांच्या एकाशनासाठी बदाम बटर

"आक्का, बंद करा, बंद करा! धूर यायलाय!"

महादेवी ओरडली आणि मी प्लग ओढला. मिक्सर गप्प झाला. झाकण काढून बघितलं, तर बदामाचा एक घट्ट गोळा भांड्याच्या कडेला चिकटून बसलेला आणि खाली पातं मोकळंच. मोटरचा जळका वास सगळ्या पडवीत भरला होता. आमचे हे चहाची कपबशी घेऊन दारात उभे होते.

"बटर म्हणालतीस न्हवं? ह्यो तर लाडू झाला की."

"बाजूला व्हा तुम्ही. चहा प्या."

"पितोय की. तेवढा लाडू दे त्याच्याबरोबर."

अशा माणसाबरोबर मी इतकी वर्षं धंदा केलाय. आता तुम्हाला नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कसलं बटर आणि कसला लाडू घेऊन बसली.

निपाणीत माझं चटणीचं कांडप आहे. कांडप म्हणजे मिरची-मसाला कुटून द्यायची जागा. लोक मिरच्या, धने, खोबरं घेऊन येतात, आम्ही भाजून, कुटून, डबा भरून देतो. मी हे कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही. सासूबाईंच्या उखळापाशी उभी राहून शिकले, मग मशीन घेतलं, मग महादेवी आली. महादेवी चिकोडीकडची. घरात कन्नड, माझ्याशी मराठी आणि मशीनशी भांडायचं असलं की पुन्हा कन्नड.

आमच्या गावात ह्या धंद्याचा एक नियम आहे, तो कुणी कुणाला सांगावा लागत नाही. कांदा-लसणाचं मशीन वेगळं आणि जैनांचं वेगळं. इथं जैन घरं पुष्कळ. त्यांना कांदा-लसूण चालत नाही, जमिनीखालचं काहीच चालत नाही. म्हणून माझ्याकडं एक फळी फक्त त्यांची. तिच्यावर एक छोटा मिक्सर, एक चाळण, दोन चमचे, एक परात. ज्या दिवशी जी बाई लसूण सोलते, ती त्या दिवशी त्या फळीला हात लावत नाही. लसणाचा वास स्टीलला धरत नाही असं लोक म्हणतात. खरं असेल. पण झाकणाच्या रबराला धरतो, आणि रबर काही धुऊन ऐकत नाही.

तर त्या फळीवरचा तो छोटा मिक्सर आता धूर सोडून बसला होता. मोठं मशीन समोरच होतं, पण त्यानं आयुष्यभर लसूणच खाल्लेला.

आणि ऑर्डर शांताक्कांची होती.

शांताक्का म्हणजे आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या घरातल्या थोरल्या बाई. तोंडात कवळी, पण बोलणं असं की समोरच्याचे दात पडावेत. माझ्या पहिल्या मशीनवर पहिली जैन चटणी त्यांचीच झाली. दरवर्षी भाद्रपदात, जैनांच्या दशलक्षण पर्वात त्या अनंत चतुर्दशीचा उपवास धरतात. निर्जळी, पाणीसुद्धा नाही. पण ह्या वर्षी नवी कवळी बसेना, टोचायला लागली. भाकरी सुटली, मग भात सुटला, शेवटी नुसत्या पेजेवर आल्या. अंगावरचं लुगडं दुसऱ्या कुणाचं तरी नेसल्यासारखं दिसायला लागलं.

त्यांची सून सुवर्णा संकेश्वरला बँकेत आहे. तिनं त्यांना चिकोडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी तपासलं आणि सरळ सांगितलं, "पर्वाच्या आधी परत या. अंगात ताकद दिसली तर उपवासाचं बघू. न्हायतर ह्या वर्षी न्हाय." कवळी घासून घ्यायला सांगितली. डाळ, दूध, भाकरी सगळं खायला सांगितलं आणि वर मूठभर बदाम.

"मूठभर बदाम!" शांताक्का मला म्हणाल्या. "कवळीखाली एक तुकडा गेला तरी डोळ्यातनं पाणी येतंय गं सुमन. ती बाई स्वतः चावून देणार हाय का मला?"

मग सुवर्णानं बेळगावहून, कॅम्पातल्या एका दुकानातनं, बदाम बटरची बरणी आणली. बदाम इतका दळायचा की त्याचं स्वतःचं तेल सुटून तो लोण्यासारखा मऊ होतो. त्याला बदाम बटर म्हणतात. दुधाचा थेंब नसतो त्यात. कल्पना चांगली होती. पण शांताक्कांनी चष्मा लावून बरणी फिरवली आणि खाली ठेवली. आत मध होता. जैन घरात मध नाही चालत. जिवांचा प्रश्न येतो.

संध्याकाळी सुवर्णा माझ्याकडं आली. उभ्या उभ्याच बोलली.

"काकू, तुम्ही कराल का? आत्तींच्या डोक्यात एकच हाय, उपवास. तो चुकला तर त्या माझ्याशी वर्षभर बोलणार न्हाईत. आणि डॉक्टरांनी न्हाय म्हटलं तरी चोरून धरतील, ती भीती वेगळीच."

मी म्हटलं, "त्यात काय? चटणीच की. करते."

चटणीच की! हे मी म्हटलं, आणि तिथंच घोळ सुरू झाला.

कारण आपल्याकडं बदाम म्हटला की हात आधी पाण्याकडं जातो. रात्री भिजवायचे, सकाळी सोलायचे, पोराच्या हातावर ठेवायचे. मीही पहिल्यांदा तेच केलं. भिजवले, सोलले, वाटले. चटणी पांढरीशुभ्र, मऊ, दिसायला अशी की महादेवी म्हणाली, "आक्का, ह्याला फोडणी देऊ या." सॅम्पल म्हणून वाटीभर काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर वर बुडबुडे आणि आंबूस वास. पाणी शिरलं की ते वाटण झालं, बरणीत टिकायचं बटर नाही झालं. श्रावणातली हवा, त्यात ओलं वाटण. इडली टाकायची असती तर काम झालं असतं.

म्हणून दुसऱ्यांदा कोरडे घेतले. मंद आचेवर भाजले, गार केले आणि त्या छोट्या मिक्सरात घातले. आधी भुकटी झाली. मग भुकटीचा गोळा झाला. मग काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

"पाणी घाला थोडं," आमचे हे म्हणाले.

"पाण्याचं नाव काढू नका."

"मग तेल घाल."

"तेल घालून पातळ कराय मला काय येत न्हाय? बदामात तेल हाय. ते बाहेर येत का न्हाय, तेवढं सांगा."

महादेवी तो गोळा बोटानं दाबून बघत होती. तिच्या अंगठ्याला हलकी चमक आली. तिनं अंगठा मला दाखवला, मी माझा लावून बघितला. तेल होतं. जिथं गोळा मोटरच्या बाजूला तापला होता, तिथंच सुटलं होतं.

आणि मला सासूबाईंचं उखळ आठवलं. शेंगदाण्याची चटणी त्या शेंगदाणे गरम असतानाच कुटायच्या. गार झाल्यावर कुटली तर तिचा भुगा होतो, गरम असताना कुटली तर तिला तेल सुटतं आणि मूठ वळते. मी बदाम गार का केले? कारण मिरची गार करूनच कुटायची असते. मिरचीची सवय बदामाला लावली, दुसरं काय.

म्हणजे बदाम गरम पाहिजे आणि दळणारं असं पाहिजे की जे सावकाश रगडेल, दमणार नाही. पातं नको, दगड पाहिजे.

दगड घरात होता. माझा इडलीचा ग्राइंडर, गोल भांड्यात दोन दगड फिरतात तो. त्यात आजवर तांदूळ आणि उडीदडाळ सोडून काही गेलं नव्हतं. तरी मी आधी शांताक्कांकडं जाऊन विचारलं. विचारल्याशिवाय त्यांच्या घरात काही पाठवायचं नाही, हा माझा नियम.

"लसूण?" त्यांनी विचारलं.

"कधीच न्हाय."

"कांदा?"

"न्हाय."

"तुझा नवरा त्यात काय घालत न्हाय न्हवं?"

"त्यांना ग्राइंडर कुठं असतोय तेच ठाऊक न्हाय."

"मग चालतंय."

आता राहिला पावसाचा प्रश्न. दगड पाणी पितो. वरनं कोरडा दिसला तरी आत ओल धरून बसतो, आणि आम्हाला तर थेंब नको होता. चार दिवस ऊन म्हणून नव्हतं. पंख्याखाली ठेवला, उपयोग नाही. शेवटी महादेवीनं दगड उचलले आणि आमच्या मिरची भाजायच्या भट्टीकडं निघाली.

"अगं, तिथं न्हाय! मिरचीचा तिखट वास बसंल त्याला."

"मग आक्का, मी काय पोटाशी धरून बसू काय?"

शेवटी आमचे हे कामाला आले. त्यांनी स्वयंपाकघरातल्या चुलीपुढं पाट मांडला, स्वच्छ पंचा अंथरला, दगड शेकायला ठेवले आणि स्वतः शेजारी बसून ते फिरवत राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "बाळंतिणीचं पोर शेकतोय." दुपारपर्यंत दगड आतपर्यंत कोरडे झाले आणि हाताला ऊबदार लागायला लागले.

त्या उबेचा फायदा आम्हाला नंतर कळला. भाजलेले बदाम गरम असतानाच थोडे थोडे घातले. आधी भुकटी. मग गोळा. गोळा झाला की मशीन थांबवून कडा खरवडायच्या आणि परत चालू करायचं. बराच वेळ काहीच घडत नाही असं वाटतं. माणसाचा हात पाण्याच्या तांब्याकडं जातो तो इथंच. महादेवीनं तांब्या उचलून बाहेरच नेऊन ठेवला.

मग एकदम आवाज बदलला. आधी खरखर होती, ती घरघर झाली, मग तीही गेली. गोळा ढिला पडला, चमकायला लागला आणि बघता बघता दगडांच्या मधनं तपकिरी धार वाहायला लागली. वास असा सुटला की शेजारची बाई खिडकीतनं म्हणाली, "काय करतासा ओ? आम्हाला बी द्या."

"साकु, साकु!" महादेवी टाळ्या वाजवत म्हणाली. साकु म्हणजे पुरे. पण ती नाचत होती आणि मशीन बंद करायचं भान कुणालाच नव्हतं.

चिमूटभर मीठ घातलं. थोडी सुंठ आणि वेलदोडा. आलं त्यांना चालत नाही, पण वाळलेली सुंठ चालते. साखर नाही, मध नाही.

शांताक्कांनी बोटावर घेतलं, कवळीच्या अलीकडं ठेवलं आणि डोळे मिटले. आम्ही सगळे उभे. सुवर्णाच्या हातातली पर्सही अजून खाली ठेवलेली नव्हती.

"सुवर्णा," डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "गरम भाकरी टाक."

तव्यावरची ज्वारीची भाकरी, तिचा मऊ पापुद्रा, त्यावर चमचाभर बदाम बटर. भाकरीच्या उबेनं ते पसरलं आणि पापुद्रा भिजला. चावायला काही उरलंच नाही. पेजेवर आलेल्या शांताक्कांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि म्हणाल्या, "उरलेली अर्धी कुणासाठी ठेवलीस?"

पुढं वेगळीच तक्रार आली. सुवर्णाचा फोन. "काकू, बरणी संपत आली. उशीखाली चमचा सापडला मला!"

सुवर्णानं फोनवर विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दिवसाला दोन चमचे सांगितले होते. बदाम चांगला खरा, पण तो तेलाचा दाणा. पोट त्यानंच भरलं तर डाळ-भाजी कुठं जायची? मी शांताक्कांना समजावायला गेले.

"औषध हाय ते," त्या म्हणाल्या.

"एवढं औषध कोण खातंय आक्का?"

"ज्याला बरं व्हायची घाई हाय, तो."

बरणी सुवर्णाच्या कपाटात गेली. दोन चमचे सकाळी भाकरीवर, मग दुपारी डाळ, दूध, केळं. कवळीही घासून आली.

पर्वाच्या आधी आम्ही सगळ्या चिकोडीला गेलो. मला काही काम नव्हतं, पण घरात बसवेना. शांताक्का काट्यावर उभ्या राहिल्या. बाईंनी काटा बघितला, मनगट धरलं, डोळ्याची पापणी ओढली आणि हसल्या.

"बदामानं झालं बघा," मी लगेच म्हटलं.

"बदामानं थोडं," बाई म्हणाल्या. "त्याच्या निमित्तानं ह्या परत जेवाय लागल्या, त्यानं जास्त."

"ते असू दे," शांताक्का म्हणाल्या. "निर्जळी धरू न्हवं?"

"न्हाय."

"मग एवढं खाल्लं कशाला मी?"

सुवर्णानं माझा हात घट्ट धरला. बाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि शांताक्कांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "एकाशन करा. एकदाच बसायचं, पोटभर जेवायचं, पाणी प्यायचं. ते बी व्रतच हाय न्हवं?"

एकाशन म्हणजे दिवसात एकदाच, उजेड असताना, एका बैठकीत जेवण. शांताक्कांनी कवळी नीट बसवली. मग म्हणाल्या, "त्या बैठकीला बदाम चालंल?"

"चालंल."

"चमचे मोजायचे न्हाईत."

"त्या दिवशी न्हाय," बाई म्हणाल्या.

अनंत चतुर्दशीला बस्तीतनं, म्हणजे त्यांच्या मंदिरातनं, शांताक्का स्वतःच्या पायांनी चालत आल्या. मला बोलावणं होतं. दुपारच्या उजेडात पाटावर बसल्या. उकळून गार केलेलं पाणी, वरण-भात, ज्वारीची भाकरी आणि बरणी, अख्खी. सावकाश जेवल्या. कुणी घाई केली नाही. उठताना त्यांनी सुनेचा हात धरला, आधारासाठी नाही, नुसता धरला.

"सुमन," मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी निर्जळी. आजपास्नं तयारी. दुसरी बरणी लाव."

आता तो इडलीचा ग्राइंडर कायमचा जैनांच्या फळीवर गेलाय. बस्तीतल्या साऱ्या कवळीवाल्या माझ्या गिऱ्हाईक झाल्यात. इडली मात्र आमच्याकडं बंद झाली, आणि त्याचं दुःख फक्त आमच्या ह्यांना आहे. धंद्यातलं शहाणपण विचाराल तर एवढंच सांगेन. बदाम गरम असताना दळा, दगड कोरडा ठेवा आणि पाण्याचा तांब्या दुसऱ्या खोलीत ठेवा. नवऱ्याला त्याच खोलीत ठेवलं तरी चालेल, पण दगड शेकून झाल्यावर.