घोड्याच्या नालेची अंगठी

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगते. आमच्या यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली होती. पनवेलला एकदा ती उघडायला आतून बारीक तार घालून बघितली, पण एका वळणापाशी ती पुढे सरकेचना. मूत्रपिंडं थकलेली, म्हणून बायपास नको म्हणाले. पलंगावर नुसतं पडूनही यांच्या छातीत कळ यायची. विचुंब्याच्या आमच्या गावदेवीला नारळ झाले, उपास झाले. अजून काय करू गं बाई, तूच सांग, असं मी रोज विचारायची. तिनं कधी हूं की चूं केलं नाही.

शेवटी दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, की त्यांची तार फार मऊ असते, ती जोर लावून ढकलत नाहीत. तिच्या टोकाला इवलंसं चुंबक असतं आणि पेशंटच्या दोन्ही बाजूंना मोठी चुंबकं. ती फिरवावीत तसं टोक वळतं. त्या खोलीत लोखंड मात्र अजिबात चालत नाही. तेवढ्यात सिस्टरनं यांच्या बोटातल्या घोड्याच्या नालेच्या अंगठीकडं हात केला आणि मी हबकलेच.

पहिल्या झटक्यानंतर ती मीच करून घातली होती, शनीची पीडा टळावी म्हणून. हे जगले ते तिच्यामुळंच, अशी माझी पक्की समजूत. आणि त्या दिवशी नेमका शनिवार! मी डॉक्टरांना म्हटलं, उद्या करा ना. ते चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, हे उद्यापर्यंत थांबतील असं मला सांगता येत नाही."

बाहेर बाकावर बसून मी ढसाढसा रडले. शेजारी उरणकडची एक कोळीण मावशी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिनं विचारलं, तशी मी सगळं भडाभडा सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगो बाय, देवाला आत जाऊ दे ना. तू लोखंड धरून दारात कशाला उभी? सोर आता."

सोड म्हणते ती, तशी मी उठले. बोट सुजलेलं, साबण लावून अंगठी ओढताना यांनी दात आवळले. यांना आत नेलं आणि दार लागलं. जप करायला गेले तर नावसुद्धा आठवेना. इतके दिवस मीही नुसती ढकलतच होते, नवसांनी, उपासांनी. आता हातात काहीच उरलं नव्हतं. आई, तूच बघ, एवढंच म्हणत राहिले.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडाकडं बघायची हिंमत होईना. तार वळणातून गेली होती. रक्त वाहू लागलं होतं.

मावशीला सांगायला धावले, तर बाक रिकामा. रखवालदार म्हणाला, त्यांचे यजमान सकाळीच वारले; त्यांना घरी न्यायला गाडी यायची होती, तिची वाट बघत बसल्या होत्या.

मी त्या रिकाम्या बाकावर बसले. माझा माणूस वाचला, तिचा का नाही, हे मी देवीला अजून विचारते. ती अजून गप्पच असते. आता मी रागानं विचारत नाही, एवढंच.

हे घरी आहेत. जिना चढताना दम लागतो. अंगठी मी परत घातली नाही. बोटावर तिचा पांढरा वळ तेवढा राहिलाय. सकाळी गोळी देताना तो दिसला की मावशीचा आवाज कानात येतो. मग मी गोळी यांच्या हातावर ठेवते आणि हात जोडते.