बरणीतलं आभाळ

इंग्रजांच्या काळातल्या सी.पी.-बेरार प्रांतातली गोष्ट. अमरावतीच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारे शालिकराम मास्तर मूळचे शेंदूरजनाघाटचे, संत्र्यांच्या बागेत वाढलेले. आभाळात उजेड कसा विखुरतो याचं गणित मांडायचं, हे एकच खूळ त्यांनी डोक्यात घेतलं होतं. त्यासाठी त्यांनी आभाळच घरी बनवलं. काचेच्या बरणीत पाणी, त्यात दुधाचे थोडे थेंब आणि आरपार उन्हाची तिरीप. बाजूनं पाहिलं तर पाणी निळसर दिसे, समोरून तांबूस. पितळी नळीत बसवलेला स्फटिक डोळ्याला लावून फिरवला की ती निळाई काळवंडे, खऱ्या निरभ्र आभाळासारखीच. पण आभाळ भुरकं, म्हणजे धुरकट पांढरं, असलं की स्फटिक कितीही फिरवा, ते काळवंडत नसे. तिथं मास्तरांचं गणित अडून बसलं होतं.

अडायला आणखी एक जागा होती, ती अकोल्यात. भाजीचे व्यापारी जानराव यांची मुलगी रुख्मिणी मास्तरांच्या मनात भरली होती आणि जानराव होकार देत नव्हते.

"आभाळ निळं कावून दिसते, हा का धंदा झाला?" ते म्हणाले. "दाखवा तुमचं आभाळ, मंग बोलू."

मास्तर बरणी कडेवर घेऊन अकोल्यात हजर झाले. भर दुपारी दारं लावली, जानरावांच्याच घरचं दूध मागून त्याचे चार थेंब पाण्यात टाकले, फटीतून ऊन आत घेतलं. शेजारीपाजारी जमले. मास्तर स्फटिक पुसायला वळले, तेवढ्यात रुख्मिणीची आई सत्यभामाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी तांब्याभर म्हशीचं दूध बरणीत रिकामं केलं. निळं गेलं, तांबूस गेलं, उरला नुसता पांढरा उजेड.

"मास्तर, तुमचं आभाळ त गेलं," जानराव म्हणाले. लोक पोट धरून हसले.

"मले वाटलं, मानसं म्हन्तीन, जानरावच्या घरचं दूध म्हंजे पाणी," सत्यभामाबाई रडवेल्या झाल्या.

दाराआड रुख्मिणी मान खाली घालून उभी होती. काही सुचेना म्हणून मास्तरांनी सवयीनं स्फटिक डोळ्याला लावला आणि फिरवला. पुन्हा फिरवला. उजेड जरासुद्धा काळवंडला नाही, आणि मास्तरांचा चेहरा खुलला.

"मावशी, हेच भुरकं आभाळ हाय. उजेड एका कणावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उड्या मारते, मंग त्याले दिशा कुठून राहीन? मी आपला थेंब थेंब टाकत बसलो होतो. तांब्या ओतायची माही छातीच झाली नसती."

"सासूनं सारा खेळ मोडला, अन् हा मानूस तिचेच उपकार मानून राहिला," जानराव म्हणाले. "याच्या घरी पोरगी सुखात राहीन. रुख्मे, साखर आण. अन् मायले बरणीपासून दूर ठेव."