पुढचं वाचायला लावणाऱ्या वानखडे मॅडम

तपेल्याच्या बुडाला बसलेला पांढरा थर मी त्या सकाळी उलथण्याने खरवडत होते. बोअरच्या खाऱ्या पाण्याने तो रोजच बसतो. मग भाकरी, सासूबाईंचा चहा आणि शेगावची आठची बस. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाडलोटीला लागून मला आठवडा झाला होता आणि यजमानांना जाऊन पाच महिने. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. या आजाराने गेलेले ते आमच्या गल्लीतले तिसरे.

टेबलं पुसताना एक संगणक चालू दिसला. शोधनिबंध शोधण्याचं पान त्यावर उघडं होतं. शाळा सातवीत सुटली तरी वाचन मी सोडलं नव्हतं. शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजीही अडखळत वाचत होते. मी इंग्रजी अक्षरांत आमच्या गावाचं नाव टाकलं, पुढे 'खारपाण', म्हणजे आमचा खाऱ्या पाण्याचा पट्टा, आणि 'किडनी'. काहीच आलं नाही. मागे कोणीतरी उभं होतं.

"काय शोधून राह्यल्या, मंदाबाई?"

ग्रंथपाल सुनंदा वानखडे मॅडमची आणि माझी खरी ओळख ही अशी झाली. मला वाटलं, काम गेलं. मी खरं ते सांगितलं. "आमचे मालक काऊन गेले, ते पाहून राह्यली होती. आमच्याबद्दल कोणीच नाही लिहिलं, मॅडम."

"गावाचं नाव नसंल लिहिलं. पाण्याबद्दल तं लिहिलं असंल," म्हणत त्यांनी खुर्ची ओढली.

गावाचं नाव त्यांनी काढून टाकलं. 'खारपाण' या शब्दाऐवजी खाऱ्या भूजलाला इंग्रजीत जे म्हणतात ते घातलं. शोधनिबंधांची पानंच्या पानं यादी आली. पहिल्याच लेखाच्या सारांशात पाण्याला दोष दिलेला होता.

"हाच छापून द्या. ग्रामपंचायतीच्या टेबलावर नेऊन ठेवते," मी म्हटलं.

"एकाचं ऐकून भांडाले जाऊ नका. तो एका गावचं सांगते. सगळ्यांचं वाचून, तोलून कोणी लिहिलं असंल, ते पाहू." डावीकडे 'रिव्ह्यू' या शब्दापुढच्या चौकोनात त्यांनी खूण केली. लांबलचक यादी एका पानावर आली.

ही शिस्त त्यांनी सर्वांना सारखीच लावली. पीएच.डी. करणारे एक प्राध्यापक एकदा माझ्यासमोर म्हणाले, "मॅडम, आयता आढावा असंल तं द्या ना, प्रबंधात टाकून देतो."

"शोधून देते, सर. पण वाचावं तुम्हालेच लागते. मंदाबाईच्या बाजूची खुर्ची रिकामी आहे."

सर बसले. पुढे कितीतरी दिवस आम्ही शेजारी बसून वाचत होतो. मला अडलेला इंग्रजी शब्द सर सांगत.

मधल्या सुटीत मॅडम स्वतःचा डबा बाजूला ठेवून माझ्याकडून त्या यादीतल्या एका लेखाचा रोज एक परिच्छेद वाचून घेत. महिनाभराने तो परिच्छेद आला. कशाकशाचा संशय घेतला जातो, ते त्यात दिलं होतं: पाणी, उन्हातलं काम आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या. यजमानांच्या कंबरेसाठी दुकानातून त्या गोळ्या मीच आणत असे. जेवण झालं की पाण्याचा तांब्या आणि गोळी मीच त्यांच्या हातात देई. माझं बोट त्या ओळीवर थांबलं.

तुमचा दोष नाही, असं मॅडम म्हणाल्या नाहीत. ते त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं त्या बोलत नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हे एका माणसाचं कारण नाही सांगत, मंदाबाई. पुढचं वाचा."

"नाही वाचवत, मॅडम."

"घरी आणखी कोण घेते ह्या गोळ्या?"

माझे दीर घेत होते. त्याच दुकानातल्या, त्याच पाण्यासोबत. मी पुढचं वाचलं. कारण एकच आहे असं अजून ठरलेलं नाही, असं लेखकांनी स्वच्छ लिहिलं होतं. म्हणून पाणी तपासून घ्या, रक्त तपासून घ्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या घेऊ नका.

मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात शिकलेली मंडळी त्यांच्या कामाबद्दल माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला विचाराल, तर मी रडत असताना त्यांनी पान बंद केलं नाही, हे मी जन्मभर विसरणार नाही. त्यांचे डोळे असेच तेज राहोत, गुडघे चालते राहोत. त्यांना पुष्कळ वर्षं लाभोत, आणि त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर नेहमी कोणीतरी वाचत बसलेलं असो.

गोळ्यांचा तो परिच्छेद वाचला त्या दिवशी घरी जाऊन मी दिरांना सगळं सांगितलं. ते हसले. "वहिनी, झाडू मारता मारता डाक्टरीण झाल्या वाटते."

"झाली. उद्या सकाळी तयार राहा."

दुसऱ्या दिवशी मी बोअरचं पाणी दोन धुतलेल्या बाटल्यांत भरलं, गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकलं आणि दिरांना घेऊन तपासणीसाठी बुलढाण्याच्या बसमध्ये बसले.