न बांधलेल्या इमारतीची सावली

आमच्या वहिनीला काहीही नवं दाखवा, ती आधी त्याच्या मागे जाऊन बघते. दादाशी लग्न होऊन ती घरात आली त्याच वर्षी मी आमच्या लाँड्रीसाठी मोठं धुलाईयंत्र घ्यायचं ठरवलं. सगळे खूश. वहिनीने एवढंच विचारलं, "भाऊजी, ह्याचं पाणी कुठे जाणार?"

"कुठे म्हणजे? गटारात."

"आणि गटार कुठे जातं?"

आता गटार कुठे जातं ते मला काय माहीत! मी काय त्याच्या मागे फिरतो? पण ती फिरून आली. शेवटी यंत्र दारात येण्याआधी साबणाचा गाळ बसायला मागे टाकी बांधावी लागली आणि मी कितीतरी दिवस तिच्याशी तुटक बोलत होतो.

तिची नोकरीच तशी आहे. कुठे कारखाना, रस्ता किंवा मोठी इमारत होणार असेल तर ती होण्याआधीच तिथल्या पाण्याचं, हवेचं, झाडांचं, उजेडाचं काय होईल हे तिचं खातं तपासतं. मी तिला ज्योतिषीणबाई म्हणतो. ती म्हणते, "ज्योतिषी चुकला तर ग्रहांवर ढकलतो. मला ती सोय नाही." तिच्या माहेरी शेजारी रंगाचा कारखाना आला आणि विहिरीचं पाणी कडू झालं. कारखानेवाले वाईट होते अशातला भाग नाही, असं तीच सांगते. आधी कुणी विचारलंच नव्हतं.

आमच्या लाँड्रीला लागून एक लांबट रिकामा भूखंड होता. त्याच्या एका टोकाला आमचं वाळवणाचं अंगण, दुसऱ्या टोकाला पाळणाघर. तिथे उंच इमारत होणार असं कळलं आणि माझी पाचावर धारण बसली. चादरी सावलीत वाळल्या की त्यांना कुबट वास येतो, आणि कुबट चादर कुठलं हॉस्पिटल परत पाठवल्याशिवाय राहतं? बिल्डरच्या कागदावर सावली रुमालाएवढी दाखवली होती. उन्हाळ्यातली, भर दुपारची! मी घरोघर फिरलो. जिथे गेलो तिथे छाती फुगवून सांगितलं, "काळजी सोडा. आमची वहिनीच त्या खात्यात आहे. ती बघून घेईल."

हे वहिनीच्या कानावर गेलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ताट बाजूला सारून ती म्हणाली, "भाऊजी, आता मी कितीही खरं बोलले तरी लोक म्हणणार, हिने घरचंच बघितलं. माझ्याकडे शब्दाशिवाय दुसरं काय आहे?"

मी म्हटलं, "अगं, पण तू घरचीच ना?" दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा घास घेतला.

तिने दुसऱ्याच दिवशी खात्यातल्या साहेबांना सांगितलं, ते अंगण माझ्या सासरचं आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. पण सावलीचा हिशेब येणारं त्या खात्यात दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा तिने अट घातली. कागदावर नको, जागेवर आखते, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आणि मोजायच्या फितीचं दुसरं टोक बिल्डरच्या इंजिनिअरने धरायचं.

सुनावणीच्या दिवशी त्या भूखंडावर खुर्च्या मांडल्या होत्या. सगळी गल्ली लोटली होती. साहेब टेबलाशी बसले. वहिनी ओढणी कमरेला बांधून मधोमध उभी राहिली आणि पोरांना सांगावं तसं तिने सांगितलं, "थंडीत सूर्य खालून जातो, म्हणून सावली लांब पडते. इमारत अजून नसली तरी तिची सावली आज काढता येते."

मग खुंट्या, दोरी आणि चुन्याची फक्की. एकेक खुंटी ठोकायची, इंजिनिअरने आपल्या यंत्रावर आकडे लावून मान हलवायची, मग ती फक्कीची पांढरी रेघ ओढायची. रेघ आमच्या अंगणाकडे सरकू लागली तसा मी उठून उभा राहिलो. बघा, बघा, असं दोनदा ओरडलोसुद्धा. आणि रेघ आमच्या कुंपणाच्या अलीकडेच वळली! आमच्या साऱ्या दोऱ्या उन्हात. लोक खो खो हसले. मी असा तोंडघशी पडलो की बसायला खुर्ची सापडेना.

इंजिनिअर खुलला. "साहेब, मी स्वतः पडताळलंय. रेघ अगदी बरोबर आहे, लिहून घ्या. बाईंनी घरचं असूनही खरं तेच आखलं."

"आभारी आहे," वहिनी म्हणाली आणि खुंट्यांची पिशवी उचलून चालू लागली. "ही एक बाजू झाली. आता पलीकडची."

रेघ पाळणाघराच्या फाटकातून आत शिरली. झोक्याला, तान्ही पोरं निजवतात त्या चटईला, नळाला, सगळ्याला पोटात घेऊन थेट मागच्या भिंतीला भिडली. इंजिनिअर फितीचं टोक धरून मागोमाग येत होता, पण आता त्याची मान हलायला वेळ लागत होता. रेघ चुकली म्हणावं तर आत्ताच त्याने तिला शाबासकी दिली होती. मी मनात म्हटलं, वाहवा वहिनी! कोंडलंस की नाही!

"सकाळपासून दुपार कलेपर्यंत," ती म्हणाली. "सगळी थंडी."

पाळणाघरातल्या बाई दारात उभ्या होत्या. "आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी लेकरांच्या खोलीला खिडकीच नाही, साहेब. त्यांना ऊन मिळतं ते एवढंच."

साहेबांनी विचारलं, "दुसरा काही मार्ग आहे का?"

इंजिनिअर म्हणाला, मजले कमी होणार नाहीत. वहिनीने पाळणाघरापासून आमच्या कुंपणापर्यंत नजर फिरवली. मग सावकाश म्हणाली, "आहे. उंच भाग त्या टोकाला न्यायचा आणि गाड्यांची जागा इकडे पाळणाघराकडे आणायची."

"मग सावली कुठे पडेल?"

"आमच्या अंगणात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मात्र पुन्हा खुंट्या ठोकत, रेघ ओढत आमच्या कुंपणापाशी आली आणि थांबली. वाटेत ओल्या चादरींची रांग होती. दिवसभर एक अक्षर न बोललेला दादा उठला. त्याने चादरी गोळा करून खांद्यावर टाकल्या, दोरी सोडली आणि तिच्या हातातलं फक्कीचं घमेलं घेतलं. "चल," म्हणाला. दोघं आमच्या अंगणातून पार मागच्या टाकीपर्यंत गेली.

"थंडीत अर्ध्या दिवसाचं ऊन जाईल," ती साहेबांना म्हणाली. "सकाळचं राहील. लाँड्रीच्या धंद्याला झळ बसेल. तेही लिहा."

"लाँड्रीवाल्यांची हरकत?" साहेबांनी विचारलं.

दादा चादरी सावरत माझ्याकडे बघत राहिला. दुकान आम्हा दोघा भावांच्या नावावर आहे. मी हरकत घेतली असती तर ती सूचना तिथेच बारगळली असती, आणि घ्यायची खूप इच्छा होती, खोटं कशाला सांगू? थंडीत काम निम्म्यावर येणार, गिऱ्हाईक ओरडणार, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं. वहिनी माझ्याकडे बघत नव्हती. ती हाताची फक्की झटकत होती. माझ्यावर जराही भार पडू नये म्हणून ती मुद्दाम तिकडे बघत होती, हे मला कळलं.

मी इंजिनिअरला विचारलं, "ही रेघही पडताळलीत?"

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"मग हरकत नाही," मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं. "आणि साहेब, आखणारी बाई आमची वहिनी आहे, हेही लिहून घ्या."

"नातं लिहायची गरज नसते."

"मला आहे," मी म्हटलं. "लिहा."